मणक्याच्या दुखापतीनंतर रोबोटिक गेट ट्रेनिंग (यंत्राच्या मदतीने चालण्याचा सराव) : दादासाठी घ्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा दादा, वय ३४. रत्नागिरीजवळ आमची कलमं आहेत. एप्रिलमध्ये आंबा काढताना फांदी मोडली आणि तो पाठीवर पडला. डी-११ (पाठीचा अकरावा) मणका फुटला. ऑपरेशन होऊन रॉड-स्क्रू बसले. आता सहावा महिना चालू आहे. रिपोर्टवर 'एशिया सी' अशी दुखापतीची श्रेणी लिहिलीय, म्हणजे दुखापत अपूर्ण आहे, खाली थोडी ताकद शिल्लक आहे. उजवा गुडघा तो बसल्या बसल्या जवळजवळ सरळ करतो. डावी मांडी आवळली की हाताला जेमतेम लागते, बस्स. माकडहाडावर बेडसोअर झालं होतं, ते वहिनीने रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलून बरं केलं. बाबांनी अंगणात पाइपचे पॅरलल बार करून घेतलेत. कॅलिपर (पायाला ताठ धरणारा आधार) लावून तो त्यात रोज चार फेऱ्या मारतो.

मागच्या आठवड्यात पुण्यातल्या एका सेंटरमध्ये रोबोटिक गेट ट्रेनिंगचा डेमो घेतला. हार्नेसने त्याला वर उचललं, मांडी-पोटरीला यंत्राचे पाय बांधले, खाली ट्रेडमिल. बांधायलाच अर्धा तास गेला, चालणं वीस मिनिटं. तो उभा राहिला आणि त्याचं डोकं माझ्यापेक्षा वर गेलं. इतके महिने मी त्याच्याशी वाकून बोलत होते, हे तेव्हा लक्षात आलं. वहिनी डोळे पुसत खोलीबाहेर गेली.

परतताना गाडीत दादा म्हणाला, "पाय चालताना दिसत होते गं, पण मी टाकत होतो की मशीन, ते कळलंच नाही." तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे.

२४ सेशनचं पॅकेज सांगितलंय, आठवड्याला तीन. म्हणजे दोन महिने पुण्यात खोली घ्यायची. बागेच्या एका हंगामाचं उत्पन्न जाईल. पैसे उभे करू, त्यावर घरात दुमत नाही. पण तेच पैसे आणि तेच दोन महिने जमिनीवरच्या फिजिओला दिले तर? कोणी घेतलंय का? सेंटरला नेमकं काय विचारावं? शिवाय डेमोनंतर जांघेत हार्नेसचा लाल वळ दोन तास होता.

प्रतिसाद

ताई, मी न्यूरो फिजिओ आहे. तुमच्या दादांनी मुद्द्याचाच प्रश्न विचारलाय. लोकोमॅटसारख्या चालवणाऱ्या रोबोट यंत्रात 'गायडन्स फोर्स' असतो. तो १०० टक्क्यांवर असला की पाऊल यंत्रच टाकतं, पेशंटने काही केलं नाही तरी. तो हळूहळू उतरवायचा असतो, आणि हार्नेसने उचललेलं वजनही. प्रत्येक सेशनचे हे दोन आकडे लिहून मागा. दोन-तीन आठवड्यांत ते हललेच नाहीत तर पुढचे पैसे भरू नका.

यंत्राचा फायदा पावलांच्या संख्येत आहे. पाय धरणारे आम्ही दमतो, ते दमत नाही. पण ते हमखास सरस ठरतं असं अभ्यास सांगत नाहीत. अमेरिका-कॅनडातली एक मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. अपूर्ण दुखापतीचे १४६ पेशंट, १२ आठवडे. एका गटाला हार्नेस लावून ट्रेडमिलवर चालवलं (तिथे पाय माणसांनी धरले होते, रोबोट नव्हता), दुसऱ्याला जमिनीवर. सहा महिन्यांनी दोन्ही गट चालण्यात सारखेच निघाले. म्हणून यंत्रातून उतरल्यावर त्याच दिवशी जमिनीवर चालवतात का, हे आधी विचारा.

सुरू करण्यापूर्वी डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) करून घ्या. महिनोन्महिने वजन न पडल्याने मांडीचं आणि गुडघ्याजवळचं हाड विरळ होतं. आणि तो वळ हलक्यात घेऊ नका. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर हार्नेसचं पॅडिंग बदलल्याशिवाय पुढचं सेशन नाही. दादांना तिथे स्पर्श कळत नसेल, म्हणून रोज आरसा धरून बघा.

प्रतिसाद

माझ्या मिस्टरांची डी-१२ मणक्याची दुखापत, तीन वर्षं झाली. २० सेशन घेतली. त्या काळात पाय कडक होणं कमी झालं, पोटही साफ व्हायचं. पण दोन महिने घरचे बार सुटले, आणि ती ताकद परत आणायला आणखी दोन गेले. आज ते कॅलिपर आणि वॉकरवर घरात चालतात. बार सोडू नका एवढंच कळकळीने सांगते. पॅकेज घेण्याआधी मुंबईला हाजी अलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत एकदा तपासून घ्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सेंटरला फोन केला. डेमोत गायडन्स पूर्ण १०० वर होता. दादाला सांगितलं तर म्हणाला, "मग बरोबर." जमिनीवर चालवतात, पण ते वेगळ्या दिवशी. त्याच दिवशी द्या म्हणून विचारलंय, उद्या कळवतील. डेक्सा सोमवारी आहे, हाजी अलीला त्यानंतर जाऊ.

आणखी एक मदत हवी. कोथरूड-कर्वेनगर भागात दोन महिन्यांसाठी तळमजल्यावरची खोली कोणाच्या माहितीत आहे का? व्हीलचेअर २५ इंच रुंद आहे, बाथरूमचं दार त्याहून मोठं हवं. आणि चार पावलांचे बार मावतील एवढी जागा.