एलईडी वॉलवर लोगो ताणलेला दिसतो, काय करू?

पणजीकर: दोना पावलाला शनिवारी एका कंपनीची डीलर मीट आहे, मी ओपनरचं, म्हणजे सुरुवातीच्या व्हिडिओचं, मोशन ग्राफिक १९२० बाय १०८० मध्ये केलं आणि काल टेस्टला गोल लोगो पार अंड्यासारखा झाला. व्हेंडर म्हणतो फाइलच चुकलीय.

फोंड्याचा एडिटर: वॉल केवढी ते विचारलंस का आधी? ३.९ पिचच्या (दोन एलईडी ठिपक्यांत ३.९ मिमी अंतर) अर्ध्या मीटरच्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे वॉलच्या एका पॅनेलमध्ये, १२८ पिक्सेल, म्हणजे ६ बाय ३ मीटरला १५३६ बाय ७६८, म्हणजे २:१, तिथे तुझं १६:९ फुल स्क्रीन केलं की ताणणारच ना. कॉम्पच, म्हणजे ज्या फ्रेममध्ये ग्राफिक बनवतोस तीच, त्या साइजचा घे.

मडगावची: नावपट्ट्या लाइव्ह कॅमेऱ्यावर टाकणार असशील तर एच.२६४ फॉरमॅट नको, अल्फा म्हणजे पारदर्शकपणा जातो, मागे काळं येतं. फाइल प्रोरेस ४४४४ मध्ये काढ.

पणजीकर: ६ बाय ३च आहे! देव बरें करूं. आता रात्रभर रेंडर, त्यात लाइट गेली नाही म्हणजे मिळवली.