मदत हवी आहे: कोचीहून लक्षद्वीप, खाजगी मोटरबोटीनं

राजेहो, कोणी दर्यावर्दी माणूस असंन ग्रुपमध्ये तर सांगा बाप्पा. मी दारव्हा तालुक्यातला, पाणी पाह्यलं ते धरणाचं अन् विहिरीचं. माह्या साळभावाच्या मालकाची स्वतःची मोटरबोट हाये कोचीले, ते दिवाळीनंतर कवरत्ती, मग अगत्ती, बंगारम असं फिरायले चाल्ले अन् मलेही चाल म्हणतात, कापूस वेचून झाला की मी मोकळाच.

आता हिशोब पाहा, कोची ते कवरत्ती अंदाजे ४०० किमी. बोट ८ नॉटनं म्हणजे तासाले १५ किमीच्या आसपास चालली तर २७ तास, रात्र समुद्रातच. १८ नॉटनं चालवली तर १२ तासात पोचते पण डिझेल बेसुमार पिते म्हणतात. टाकीतलं एक तृतीयांश डिझेल जायले, एक यायले अन् एक राखीव असा नियम म्हणे, मग एवढ्या लांब तो जमते कसा? तिकडं बेटावर खाजगी बोटीले डिझेल भेटते का, की ड्रम भरूनच न्या लागते? साळभाऊ म्हणते होईन सगळं, त्याचं नेहमीचंच आहे ते.

परमिट लागते हे माहीत हाये, पण स्वतःच्या बोटीनं गेलं तर अर्ज कोण करते, बोटमालक की आपण आपला? अन् उलटीची गोळी निघायच्या किती आधी घ्याची? मले तं एसटीतच लागते भाऊ.