मदत हवी आहे: लिस्बनमधला पहिला दिवस, एकटी आणि पायी
मंडळी, मार्चमध्ये एकटीच लिस्बनला चाललेय. पहिला अख्खा दिवस पायी भटकायचंय, २८ नंबरच्या ट्रामची गर्दी बघून तो नाद सोडलाय. बाइशा भाग सोपा वाटतो, १७५५च्या भूकंपानंतर काटकोनात रस्ते आखून नव्याने बांधलाय, पण अल्फामा हा जुना भाग म्हणजे नुसते जिने नि बोळ, तिथे गूगल मॅप कितपत चालतो? सकाळीच साओ जॉर्ज किल्ला चढून मग उतरत उतरत नदीकाठच्या चौकात यायचं, असं बरं पडेल की उलट? आणि मुख्य म्हणजे बूट कुठले घेऊ, ते चुनखडीच्या बारक्या तुकड्यांचे फुटपाथ पावसात जाम घसरतात म्हणे आणि माझा गुडघा आधीच कुरकुरतोय. शाकाहारी आहे, अंडं चालतं, म्हणजे पास्तेल दे नाता (तिथला अंड्याच्या कस्टर्डचा छोटा टार्ट) आहेच, पण जेवायचं काय? जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.