मदत हवी आहे: पासवर्ड बदलूनही सोसायटीच्या ईमेलवरून स्पॅम

दादरच्या सोसायटीचा ईमेल, डोमेन स्वतःचं. खातं हॅक होऊन सभासदांना 'थकबाकी या लिंकवर भरा' असे मेल गेले. पासवर्ड बदलला, टू-स्टेप लावलं, सगळ्या डिव्हाइसवरून साइन-आउट केलं, अनोळखी ॲपची परवानगी काढली. खरी मेख फिल्टरमध्ये निघाली: 'थकबाकी' शब्द असलेला प्रत्येक मेल थेट ट्रॅशमध्ये! म्हणजे सभासद विचारत होते, सेक्रेटरींना दिसतच नव्हतं. पासवर्ड बदलून असा फिल्टर जात नाही, हातानेच काढावा लागतो.

तरीही मेल जाताहेत, पण सेंटमध्ये काहीच नाही. एका सभासदाकडून मूळ मेल फाइल म्हणून डाउनलोड करून मागवला, कारण नुसत्या फॉरवर्डमध्ये मूळ हेडर (मेल कुठून, कसा आला याची तांत्रिक नोंद) येत नाहीत. त्यात एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) फेल, डीकिम (मेल डोमेनकडूनच आल्याची डिजिटल सही) सहीच नाही. म्हणजे आता खात्यातून नव्हे, बाहेरून आमचा पत्ता लावून पाठवताहेत. आमचं डीमार्क (अशा तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी डोमेनची सूचना) अजून 'नन'वर, म्हणजे 'काही अडवू नका'वर आहे.

आता थेट 'रिजेक्ट' (मेल नाकारणं) करावं की आधी 'क्वारंटाइन' (स्पॅममध्ये टाकणं)? मेंटेनन्सची बिलं अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवरून जातात, त्यांवर आमच्या डोमेनची डीकिम सही नाही, ती बिलंच अडकायची. सही तिथे लावून घेईपर्यंत बिलं सबडोमेनवरून (मुख्य डोमेनखालच्या वेगळ्या नावावरून) पाठवणं कुणी केलंय का? डीमार्क रिपोर्ट (आमच्या नावाने कुठून मेल गेले त्याचे अहवाल) किती दिवस बघावेत? पैसे कुणाचे गेलेले नाहीत.