हायस्कूलचे सर-मॅडम शाळा सुटल्यावर काय करायचे?

कोरेगावकर: आमचे सायन्सचे सर बॉटनीवाले, सप्टेंबर आला की रविवारी पोरांना घेऊन थेट कास पठार, टोपली कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते हे तिथंच कळलं. तुमच्याकडं असं कोण होतं?

सांगलीची_पोर: मराठीच्या बाई! नाटकाचं लय वेड. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत सीता स्वयंवर केलं ते सांगताना सगळी पात्रं स्वतःच करायच्या, संध्याकाळी परत राज्य नाट्य स्पर्धेची तालीम. एवढी एनर्जी कुठनं आणायच्या काय माहीत, मी स्टेजवर उभी राहते ती त्यांच्यामुळंच.

कृष्णाकाठ: पीटीचे सर आधी तालमीतले पैलवान, मग बीपीएड. कृष्णेत पोहायला त्यांनीच शिकवलं.

कोरेगावकर: भारीच, अजून लिहा की राव.