जनरेटिव्ह एक्स्टेंडची मराठी माहिती: बटण आधी की अडचणी आधी?

हँडलवाला
आपल्या लग्नवाल्या एडिटर मंडळींसाठी प्रीमियर प्रो या अडोबीच्या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमधल्या जनरेटिव्ह एक्स्टेंडचं माहितीपत्रक मराठीत लिहायला घेतलंय. ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, टाइमलाइनवर क्लिपची कडा टूलने धरून ओढायची, पुढचे फ्रेम एआय बनवून जोडतं. व्हिडिओ जास्तीत जास्त 2 सेकंद, नुसता आजूबाजूचा आवाज असेल तर 10. ऑक्टोबर 2024 ला बीटात (चाचणी आवृत्तीत) आलं, एप्रिल 2025 पासून सगळ्यांना.

माझं म्हणणं, पहिल्या पानावर काय होत नाही ते यावं, बटण नंतर. बोलणं वाढत नाही, संगीत वाढत नाही. म्हणजे अंतरपाट धरलाय, गुरुजींचं "सावधान" मध्येच तुटलंय आणि तुम्ही क्लिप ओढली, तर चित्र पुढे सरकेल पण "सावधान" तुटलेलंच राहणार. आणि हवेत अक्षता असताना तर हात लावू नका, दाणे एकमेकांत विरघळतात, मेंदीची नक्षी बघता बघता बदलते. पार्टनर म्हणतो असं आधीच लिहिलंस तर कोण वापरणार? बोला.

रेंडर_रात्रपाळी
पार्टनरचं बरोबर आहे. सीझनमध्ये पत्रक वाचायला वेळ कुणाला आहे राव, स्क्रीन रेकॉर्डिंग करून ग्रुपवर टाक, विषय संप. शिवाय हे लिहिलेलं शिळं होतं. बीटात उभा व्हिडिओ चालत नव्हता, तेव्हा कुणी "उभा चालत नाही" लिहून ठेवलं असतं तर एप्रिलनंतर 4के पण आलं आणि उभा पण आला, आणि तो वाचणारा बिचारा अजून रील हाताने जुळवत बसला असता. आधी खोटं ठरतं ते मर्यादांचंच पान, आणि तू तेच पहिलं लावतोयस.

हँडलवाला
म्हणूनच तर प्रत्येक मर्यादेपुढे व्हर्जन आणि महिना टाकतोय. रेकॉर्डिंगमध्ये एक ओळ कशी बदलणार?

टाइमलाइनताई
तुम्ही दोघंही नको तिथे भांडताय. हे टूल नव्वद टक्के वेळा लागतं कशाला? हँडलला, म्हणजे क्लिपच्या टोकाच्या जादा फ्रेमना! कॅमेरावाल्याने रेकॉर्डिंग लवकर बंद केलं, आता दोन शॉटमध्ये 25 फ्रेमचा डिझॉल्व्ह (एक शॉट पुसट होत दुसरा उमटतो तो) टाकायचाय तर दोन्हीकडे बारा-तेरा फ्रेम जादा हवेत आणि ते नाहीत. तेवढे फ्रेम टूल मस्त काढून देतं, तेही अर्धे पुसट होत जाणार म्हणून चूक असली तरी दिसत नाही. हे पहिलं पान करा. वाचणाऱ्याला आधी आपलं काम दिसलं पाहिजे, नियम तो नंतर आपणहून वाचतो.

ढोलताशा_फिल्म्स
2 सेकंदात काय होतं? गूगलचं व्हिडिओ बनवणारं एआय व्हिओ एका वेळी 7 सेकंद वाढवून देतं, परत परत वाढवता येतं. त्याचं पत्रक काढा की.

टाइमलाइनताई
दादा, व्हिओ ज्यातून वापरतात त्या गूगलच्या जेमिनी एपीआयच्या कागदपत्रात खालची ओळ वाचा, ते फक्त व्हिओनेच बनवलेला व्हिडिओ वाढवतं. तुमच्या कॅमेऱ्यातली वरात त्याला चालत नाही. वर ते पुढचं बनवताना आधीच्या क्लिपचा शेवटचा एक सेकंद बघतं, त्यामुळे त्या सेकंदात फ्रेमबाहेर गेलेली मावशी परत आली तर साडी तीच असेल याची हमी नाही.

ढोलताशा_फिल्म्स
अरे मग हे वर मोठ्या अक्षरात का नाही लिहीत ते लोक?

हँडलवाला
हेच तर मी पहिल्या पोस्टमध्ये म्हणतोय!!

बातमी_डेस्क
माझा मुद्दा वेगळा आहे. कुठली क्लिप कुठून कुठपर्यंत वाढवली याची टाइमकोडसकट नोंद ठेवा, हे पत्रकात हवंच. अडोबी कंटेंट क्रेडेन्शियल्स (एआय वापरल्याची फाइलमधली खूण) जोडतं हे मान्य, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फाइलमध्ये ते शोधून दाखवा. आमच्याकडे तर असा शॉट बातमीत घ्यायचाच नाही या मताचा मी आहे.

रेंडर_रात्रपाळी
लग्नात कुणाला फसवतोय आपण? स्लो मोशन करतो, फ्रीज करतो, आकाश बदलतो, त्याची नोंद कोण ठेवतं?

बातमी_डेस्क
स्लो मोशनमध्ये घडलं तेच ताणलेलं असतं. इथे आजी नुसत्या बघत होत्या आणि पुढच्या सेकंदात टूलने त्यांना हसवलं. उद्या त्या नसतील तेव्हा घरचे तेच हसू फ्रेम करून लावतील. निदान विचारून तरी करा.

रेंडर_रात्रपाळी
चेहरा असेल तर विचारावं, एवढं पटलं. पण मंडपाच्या झुंबराचे 12 फ्रेम वाढवले म्हणून मी वधूपित्याला फोन करणार नाही.

हँडलवाला
चेहरा आणि झुंबर वेगळं, ही ओळ घेतो. ताईंचा डिझॉल्व्ह पहिल्या पानावर, मर्यादा लगेच त्याच्याखाली. आवाजाचं पान उद्या टाकतो.

नवा_एडिटर_सातारा
गावाकडे नेट सारखं जातं, ऑफलाइन चालेल का?

टाइमलाइनताई
नाही. फ्रेम अडोबीच्या सर्व्हरवर बनतात, नेट लागणारच. जनरेटिव्ह क्रेडिट (एआय वापरायचे मोजके पॉइंट) पण कापले जातात, रिझोल्यूशन जास्त तसे जास्त, म्हणून ओढायच्या आधी सिक्वेन्स किती रिझोल्यूशनचा आहे ते बघून घ्या.