'पर्यावरणीय न्याय': न्याय नक्की कोणाला?

सिडकोची_ताई
शब्दासाठी अडलेय. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांलगतच्या वस्त्यांतली कॉलेजातली पोरं एक पत्रक काढतायत. त्यात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या कर्टिस बे भागातल्या डेस्टिनी वॉटफर्डची गोष्ट आहे. तिच्या शाळेपासून मैलभराच्या आत रोज ४००० टन कचरा जाळणारी भट्टी येणार होती, आणि तिथली वीज घ्यायचा करार शहराच्या शाळाखात्यानंच केला होता. तिनं आणि तिथल्या पोरांनी शाळाखात्याच्या सभेत जाऊन तो करार सोडायला लावला. तिला २०१६ साली पर्यावरणासाठी लढणाऱ्यांना देतात तो गोल्डमन पुरस्कार मिळाला.
'एन्व्हायरन्मेंटल जस्टिस'ला मी 'पर्यावरणीय न्याय' केलं. चुंचाळ्यात वाचून दाखवलं, तर एक मावशी म्हणाल्या, "पर्यावरणाला मिळेल गं न्याय, आमचं काय?" पत्रक परवा छापायला जातंय.

गंगाघाट
शब्द बरोबर आहे, बदलू नका. 'सामाजिक न्याय' म्हणजे समाजाने कोर्टात जाणं असं कोणी समजतं का? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण २०१० पासून आहे, तेव्हा कोणी विचारलं नाही की हिरव्याला न्याय कशाला. शब्द वापरला की रुळतो.

कामगारनगर
रुळतो म्हणे! 'घंटागाडी' नाशकात कोणाला शिकवावी लागली नाही. सकाळी घंटा वाजली की लोक बादली घेऊन पळतात. कागदावर तिला 'घनकचरा संकलन वाहन' म्हणतात, त्या नावानं हाक मारा, एक बाई खाली येणार नाही. उलटही होतं बरं का. कचऱ्याच्या डोंगराला 'खत प्रकल्प' नाव दिलं की कागदावरचा वास जातो.

देशीशब्द
त्याला मराठीत उकिरडा म्हणतात. प्राकृतात 'उक्कुरुडी', हेमचंद्रांच्या देशीनाममाला या देशी शब्दांच्या कोशात आहे. म्हणजे शब्द निदान बाराव्या शतकापासूनचा, आणि आपण डेपो डेपो करतोय.

कामगारनगर
उकिरडा घरामागे असतो आणि आपलाच असतो, देशीशब्द. दुसऱ्याचा कचरा आपल्या दारात पडला तर त्याला काय म्हणायचं, ते हेमचंद्रांना विचारा.

पाटावरची
ताई, मुळात जरा जाऊया. हा शब्दप्रयोग अमेरिकेत रुजला तो १९८२ च्या वॉरन काउंटीतल्या लढ्यातून. नॉर्थ कॅरोलिनात पीसीबी नावाच्या रसायनाने विषारी झालेली माती पुरायला जागा हवी होती, आणि निवडली ती गरीब, बहुसंख्य काळ्या लोकांची. ट्रकांपुढे लोक आडवे झाले, पाचशेच्या वर अटका झाल्या. त्यांचं म्हणणं 'प्रदूषण वाईट' एवढंच नव्हतं. 'जागा निवडताना बोट नेमकं आमच्यावरच का पडतं' हे होतं. 'पर्यावरणीय न्याय'मधून हे 'आमच्यावरच' गळतं. मावशींना तेच खटकलं असणार.
मराठीत त्याला आधीपासून बोली आहे: माथी मारणे. 'आमच्याच माथी का?' असं करा. (माझी खान्देशी आजी असती तर नुसतं "काबर?" म्हणाली असती आणि पत्रक संपलं असतं.)

गंगाघाट
'माथी मारणे' हा वाक्प्रचार झाला, संज्ञा नव्हे. उद्या अर्ज करायचा झाला तर विषय काय लिहाल, 'माथी मारणेबाबत'?

कामगारनगर
का नाही? साहेब निदान वाचेल तरी.

सिडकोची_ताई
अजून एक. 'यूथ ॲक्टिव्हिस्ट'ला 'युवा कार्यकर्ते' लिहिलं होतं. पोरांनीच खोडलं. म्हणाली, ताई, कार्यकर्ता म्हटलं की आमच्या गल्लीत गळ्यात उपरणं आणि फ्लेक्सवर फोटो.

देशीशब्द
'युवा' तर काढाच. ते हिंदीतून आलेलं खूळ. मराठीत युवक, नाहीतर सरळ तरुण.

पाटावरची
संस्कृत 'युवन्'चं प्रथमेचं एकवचन 'युवा', हिंदीनं शोधलेलं नाही. पण पोरं स्वतःला काय म्हणतात?

सिडकोची_ताई
"आम्ही नासर्डीवाले."

गंगाघाट
नंदिनी! नदीचं नाव नंदिनी आहे. समर्थ रामदासांनी टाकळीला नंदिनी-गोदावरीच्या संगमावरच पुरश्चरण केलं. नासर्डी हा अपभ्रंश.

कामगारनगर
समर्थांना त्या पाण्यात उभं राहता येत होतं. आता नंदिनी म्हणायचं आणि रुमाल नाकाला लावायचा. मी द्वारकेजवळ वाढलो, आमच्याकडे शुद्ध नासर्डी. नाव धुऊन पाणी स्वच्छ होत असतं तर बरंच होतं.

देशीशब्द
नासर्डी हे नासणे वरूनच असणार. नासलेली ती नासर्डी.

पाटावरची
नासलेल्या दुधाला आपण नासकं म्हणतो, नासर्डं नाही. आणि 'नास' दिसला की नासणे असं धरलं, तर 'नासिक'चं काय करणार?

देशीशब्द
'म्हातारडी'तला हिणवणारा 'डी' आहे तो. हिणवलेली नदी. मी माझ्या मतावर ठाम.

गंगाघाट
नंदिनीचा अपभ्रंश नासर्डी कसा होतो हे मला विचारू नका, पण जुनं नाव ते जुनं नाव.

कामगारनगर
म्हणजे अपभ्रंश आहे, फक्त कसा ते विचारायचं नाही. वा.

सिडकोची_ताई
मंडळी, छापखान्यातून दोनदा फोन आला. आतला मजकूर लागलाय, मथळ्याची ओळ अजून कोरी आहे. माथी की न्याय, एवढं सांगा.

पाटावरची
माथी.

गंगाघाट
न्याय. आणि पत्रकात नदीचा उल्लेख असेल तर नंदिनी, कंसात नासर्डी.

कामगारनगर
उलटं! नासर्डी, कंसात नंदिनी.

देशीशब्द
कोणाकडे जिल्ह्याचं जुनं इंग्रजी गॅझेटियर आहे का? त्यात हे नाव 'ड'नं लिहिलंय की 'र'नं, ते बघायचंय.